चिठ्ठीत आलेली बाजू

मास्तरांच्या हातचा कोट अंगावर चढला की चोरसुद्धा वकील दिसतो, असं रस्त्यावरचे लोक म्हणायचे. हे वाक्य मुळात मास्तरांचंच. त्यांनी ते इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं की आता ते लोकांकडून फिरून त्यांच्याकडे यायचं, आणि मास्तर ते नव्याने ऐकल्यासारखे हसायचे. मास्तर म्हणजे टेलर. खाली रस्त्याला लागून दुकान, त्यात दोन मशीनं, एक भला मोठा आरसा आणि कापायचं टेबल. मागे जिना, वर घर. बायको काज-बटणं आणि हातशिलाई करायची. धाकटी मुलगी कॉलेजात होती. थोरला मुलगा घरी होता.

थोरला घरी होता म्हणजे मागच्या खोलीत होता. त्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून होती.

रस्त्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. थोरला हुशार मुलगा. बारावीनंतर त्याचं काहीतरी बिनसलं. तो भिंतीशी बोलू लागला, मग भिंतीवर ओरडू लागला. मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेऊन आणला. गोळ्यांनी तो सुजला, दिवसभर झोपून राहू लागला, लाळ गळायची. आईला ते बघवेना, म्हणून गोळ्या सुटल्या. मग एकदा तो शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. हातात सुरी घेऊन शांतपणे कांदा चिरत होता, त्याहून जास्त काही केलं नाही. पण त्या घरातल्या बाईची दातखीळ बसली. शेजारी रात्री येऊन म्हणाले, "मास्तर, आवरा हो त्याला. आमच्या घरात लहान मुलं आहेत." दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कडी आणली. चार दिवसांपुरती, असं बायकोला सांगितलं.

त्या चार दिवसांची सहा-सात वर्षं झाली.

आई त्याला ताट आत देऊन यायची. दुपारी दुकान थंड असलं की ती दाराशी बसून काजं करायची आणि आतल्या मुलाला सगळं सांगत राहायची. कुणाचा कोट आलाय, कुणाची कंबर वाढलीय, कोण शिलाई बुडवून पळालाय. आतून कधी हुंकार यायचा, कधी नाही. मास्तर त्या बाजूला कमीच जायचे. सकाळी त्याला न्हाणीघरात न्यायचं काम त्यांचं. ते करायचे, मान खाली घालून, आणि भराभर खाली दुकानात यायचे.

धाकटी कॉलेजातून एक दिवस सांगत आली, "बाबा, युवा संसदेत माझी निवड झाली. मी मंत्री आहे. मला जॅकेट लागेल."

"कसली मंत्री?"

"आरोग्य," ती म्हणाली, आणि घाईने पुढच्याच गोष्टीकडे वळली. "कॉलर नको. बंद गळा हवा."

मास्तरांना आरोग्यापेक्षा बंद गळ्यात रस होता. त्यांनी चांगल्यातला गडद निळा कपडा काढला. दोनदा ट्रायल घेतली. याच संसदेसाठी आणखी एक मुलगा त्यांच्याकडे जॅकेट शिवायला आला. उंच, चष्मेवाला, बोलताना हात फार हलवणारा. तो विरोधी पक्षनेता होता. माप घेताना मास्तर म्हणाले, "पुढारी, हात जरा खाली ठेवा, नाहीतर बाही भाषणापुरतीच शिवून देईन." तेव्हापासून त्याचं नाव पुढारी पडलं. मुलगा मोकळा हसला. मास्तरांना तो आवडला.

विषय काय आहे, हे धाकटीने घरी सांगितलं नव्हतं. बघायला या असंही म्हणाली नव्हती. पण आपला कपडा मंचावर दिव्यांच्या उजेडात कसा पडतो, हे बघायचा मोह कुठल्याही टेलरला होतोच. मास्तरांनी दुकान अर्धं ओढून घेतलं आणि कॉलेजच्या सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसले.

सभापती म्हणून बसलेल्या मुलीने घंटी वाजवली. धाकटी उभी राहिली. जॅकेट खांद्यावर सुरेख बसलं होतं, एक सुरकुती नाही. मास्तर सुखावून मागे टेकले. आणि धाकटीने विधेयक वाचलं. घरातल्या मनोरुग्ण माणसाला कोंडून ठेवणाऱ्या कुटुंबीयांवर गुन्हा दाखल करावा आणि त्यांना शिक्षा व्हावी, असं ते विधेयक होतं.

मास्तर टेकलेले पुढे सरकले. उठून जावं असं वाटलं, पण रांगेत दोन्हीकडे माणसं होती.

ती चांगलं बोलली. कुठे अडखळली नाही, कुठे ओरडली नाही. मग पुढारी उठला आणि त्याने सरकारची पार पिसं काढली. इस्पितळात खाटा किती, डॉक्टर किती, गरिबाने काम सोडून दिवसभर राखण बसायचं तर खायचं काय? "मंत्री महोदया," तो हात उंचावून म्हणाला, "तुम्ही असल्या एखाद्या घरात एक दिवस राहून दाखवा, आणि मग आईबापांना तुरुंगात घाला!" विरोधी बाजूने बाकं बडवली गेली. सभागृह हसलं.

धाकटीने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "सन्माननीय सदस्य खाटांबद्दल बोलले ते बरोबर आहे. पण दार बाहेरून लावलं की आतला माणूस घरातला राहत नाही, तो सामान होतो. सुरुवातीला तो आतून दार वाजवतो. मग एक दिवस वाजवायचं सोडतो. तो दिवस कुठला होता, हे घरातल्या कुणालाच आठवत नाही. सभापती महोदया, मला त्या न आठवण्याबद्दल बोलायचं आहे."

मास्तर मागच्या रांगेत आठवायचा प्रयत्न करत होते. थोरला दार वाजवायचा हे त्यांना पक्कं आठवत होतं. मुठीने, मग तळव्याने. कधी थांबला? कुठल्या वर्षी? काही केल्या आठवेना.

ते कुणाला न भेटता घरी आले. दुकानातून स्क्रू काढायचं हत्यार घेतलं, वर गेले आणि कडी खोलायला लागले.

बायको धावत आली. "अहो, काय करताय? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"आता आलंय."

"तो बाहेर जाईल. कुठे जाईल, काय करेल, कोण बघणार? तुम्ही? तुम्ही तर त्याच्याकडे मान वर करून बघत नाही!"

एक स्क्रू गंजला होता, मास्तर त्याच्याशी झटत राहिले. तेवढ्यात धाकटी आली. हातात मानचिन्ह होतं. दाराशी बाप, बाजूला रडणारी आई. काय झालं ते तिला बघताक्षणीच कळलं. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही आला होतात?"

"चांगलं बोललीस."

"बाबा, ते भाषण होतं. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मला सरकारची बाजू आली म्हणून मी तसं बोलले. दुसरी चिठ्ठी निघाली असती तर उलट बोलले असते."

"इतकंच चांगलं?"

तिने मानचिन्ह खाली ठेवलं. मग म्हणाली, "हो. कदाचित जास्त चांगलं."

मास्तरांनी जरा विचार केला. "असेल," ते म्हणाले. "पण आली ही."

तरी धाकटीने हट्ट धरला तो डॉक्टरचा. आधी औषध, मग मोकळीक. तिने सरकारी इस्पितळातल्या मनोविकाराच्या डॉक्टरची वेळ मिळवली, दादाला रिक्षात मध्ये बसवून घेऊन गेली. या वेळच्या गोळ्यांनी तो सुजला नाही. जरा मंद झाला, एवढंच. आणि हळूहळू तो जिना उतरून दुकानात येऊ लागला.

ते दिवस बरे गेले, हे मान्य करायला पाहिजे. पुढे बायकोने कितीही नाकारलं तरी मास्तरांनी ते कधी सोडलं नाही. थोरला आरशाकडे पाठ करून खुर्चीवर बसायचा. लोहचुंबकाने फरशीवरच्या टाचण्या गोळा करायचा. बटणांचा डबा समोर ओतून वेगळी करत बसायचा, पण रंगाने नव्हे, भोकांनी. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे. गिऱ्हाईक आलं की मास्तर म्हणायचे, "हा माझा थोरला." सुरुवातीला हे म्हणताना ते हातातल्या टेपकडे बघायचे. मग गिऱ्हाइकाकडे बघून म्हणू लागले. एकदा एका जाड्या गिऱ्हाइकाचं माप घेताना थोरला एकदम म्हणाला, "बाबा, टेप पुरणार नाही." गिऱ्हाईक आधी चिडलं आणि मग हसत सुटलं. मास्तर तर डोळे पुसेपर्यंत हसले. आई आत काज करत होती, तीसुद्धा हसली.

संध्याकाळी तो रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचा. तिथे शाळा होती. शाळा सुटताना जो गलका होतो तो त्याला ऐकायचा असायचा. भिंतीला टेकून उभा राहायचा आणि परत यायचा. पहिले काही दिवस मास्तर त्याच्या मागे गेले. मग जायचे थांबले. तो वेळेवर परत येत होता.

त्या सुमारास गावात फोनवरून एक खोटीच बातमी फिरत होती, मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून. मास्तरांच्या कानावर आली होती. असल्या बातम्या येतात नि जातात, म्हणून त्यांनी ती सोडून दिली.

त्या दिवशी दुकानात लग्नाच्या कोटाची ट्रायल चालू होती. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या काखेत. रस्त्याच्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला. त्यांनी मान वळवली तर खुर्ची रिकामी. तोंडातल्या टाचण्या थुंकून ते तसेच धावले, गळ्यात टेप लोंबत होता.

नंतर कळलं ते इतकंच. एका लहान मुलाच्या बुटाची नाडी सुटली होती. थोरला ती बांधायला खाली वाकला. मूल घाबरून रडलं. कुणीतरी विचारलं, "कोण रे तू? या मुलाचा कोण?" थोरल्याला अनोळखी माणसाने मोठ्याने विचारलं की बोलता यायचं नाही. तो नुसता बघत राहिला. मग कुणीतरी पहिला हात टाकला. त्यानंतर किती हात पडले ते कुणालाच सांगता आलं नाही.

मास्तर पोचले तेव्हा त्यांना पाठीच पाठी दिसल्या. त्यातल्या कित्येक पाठींची मापं त्यांनी घेतलेली होती. "माझा मुलगा आहे तो! अरे, माझा मुलगा आहे!" ते ओरडत होते, पण त्या गर्दीत त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता. पाठी बाजूला झाल्या तेव्हा उशीर झाला होता. थोरला इस्पितळात शुद्धीवर न येताच गेला.

घरात आई धाकटीकडे वळली आणि फक्त एकदा बोलली. "टाळ्या मिळाल्या ना तुला? माझा दाराआड होता, पण होता." त्यानंतर ती धाकटीशी बोलेनाशी झाली. कुणावर ओरडायची नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. धाकटीने सुरुवातीला खूप विनवण्या केल्या. मग तीही गप्प झाली. घरात इतकं चांगलं बोलणारी मुलगी, आणि ऐकू यायचा तो फक्त मशीनचा आवाज.

"कडी मी काढली," मास्तर बायकोला परत परत सांगायचे. "तिने नाही. माझ्या हाताने काढली."

"हो," बायको म्हणायची. "तुमच्याशी तरी कुठे बोलतेय मी. उत्तर देतेय."

मास्तर पोलीस ठाण्यात जायचे. तिथला अधिकारी वाईट माणूस नव्हता. खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. पण प्रत्येक वेळी तेच. "मास्तर, जमाव होता. जमावाला नाव नसतं. एक माणूस पुढे येऊन सांगू दे, याने पहिला हात टाकला. बाकीचं मी बघतो." रस्त्यावर मास्तरांनी दारोदार विचारलं. कुणी घरातच नव्हतं, कुणी पाठमोरं होतं, कुणी नुकतंच आलं होतं. जो तो कानावर हात ठेवत होता. शेजारचे, ज्यांनी आवरा म्हटलं होतं, ते तर हुंदके देऊन रडले. पण बघितलं काहीच नाही म्हणाले.

मग एक दिवस दुपारी पुढारी आला. दुकानात कुणी नाही हे बघून आत शिरला, टेबलाशी उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"काका, मी शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात होतो. मी सगळं बघितलं. पहिला हात कुणी टाकला तेही."

मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. "कुणी?"

त्याने नाव सांगितलं. मास्तरांच्या ओळखीचं नाव होतं.

"ठाण्यात सांगशील?"

पुढारी खाली बघू लागला. त्याचे हात त्या दिवशी अजिबात हलत नव्हते. "आमच्याच इमारतीत राहतात ते. रोज जिन्यात भेटतात. आईबाबा म्हणतात, तुझं शिक्षण व्हायचंय, घरात बहीण आहे."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"कुणाला तरी सांगायला हवं होतं, काका. मला झोप येत नाही."

मास्तरांनी त्याला पाणी दिलं. विचार कर म्हणाले. तो मान हलवून गेला. मास्तरांनी स्वतः ते नाव ठाण्यात सांगून पाहिलं, पण त्यांनी स्वतः बघितलं नव्हतं. ऐकीव गोष्टीवर कुणाला आत घेत नाहीत, असं अधिकारी म्हणाला, आणि ज्याने बघितलं त्याचं नाव मास्तरांनी दिलं नाही. दिलं तर तो मुलगा नाही म्हणेल, हे त्यांना कळत होतं. त्याने तोंडावर नाही म्हटलेलं ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

युवा संसदेची पुढची फेरी मोठ्या शहरात होती. कॉलेजातले सर घरी आले. या परिस्थितीत विचारू नये, पण धाकटीसारखी बोलणारी मुलगी कॉलेजला मिळणार नाही, म्हणाले. धाकटी म्हणाली, "सर, मला माझा आवाज ऐकवत नाही." तिच्याऐवजी पुढारी गेला.

काही दिवसांनी गावाच्या पार दुसऱ्या टोकाचं, पहिल्यांदाच येणारं एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं. कॉलेजच्या मुलांचं कौतुक करत त्याने फोन पुढे केला. "बघा मास्तर, आपल्या गावाचं नाव काढलं पोरानं. पहिला आला." फोनमध्ये पुढारी उभा होता. मास्तरांनी शिवलेलं जॅकेट अंगात. तो म्हणत होता, "सभापती महोदय, परवाच आमच्या गावात एका आजारी तरुणाला भर रस्त्यात जमावाने ठार मारलं. त्याचा गुन्हा काय? त्याने एका मुलाच्या बुटाची नाडी बांधली! आणि शेकडो सुशिक्षित माणसं बघत उभी राहिली. मी विचारतो, त्या बघणाऱ्यांना कुठलं कलम लावणार?" बाकं बडवली जात होती. कुणीतरी रुमालाने डोळे टिपत होतं.

गिऱ्हाइकाला पत्ता नव्हता आपण कुणाला काय दाखवतोय. मास्तर म्हणाले, "परत एकदा लावता का?" दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं.

संध्याकाळी ते पुढाऱ्याच्या घरी गेले. त्याच्या वडिलांनी दार उघडलं, ओळखलं आणि जरा आडवेच उभे राहिले. पुढारी मागून आला, वडिलांना बाजूला करून जिन्यात उतरला.

"बोललास छान," मास्तर म्हणाले. "त्यातलं अर्धं तिथे ठाण्यात बोल. तेवढंही नको. एक नाव."

वरच्या मजल्यावर दार वाजलं तसा पुढाऱ्याने दचकून मान वर केली. मग हळूच म्हणाला, "काका, संसदेत कुणी नाव विचारत नाही."

त्या मंचावरही तो ढोंग करून बोलला नव्हता. ते मास्तरांना दिसत होतं. ते जिना उतरून आले. पुढे तो मुलगा शिकायला दुसरीकडे गेला. ठाण्यात अज्ञात इसमांविरुद्ध म्हणून जे लिहिलं होतं ते तसंच राहिलं. ज्याने पहिला हात टाकला तो माणूस रस्त्यावरून येतो-जातो. दुकानासमोर आला की पावलं लांब टाकतो. त्याचे कपडे आता दुसरीकडे शिवले जातात.

धाकटीने शिक्षण पुरं केलं, पण वक्तृत्वाच्या वाटेला पुन्हा गेली नाही. त्याच सरकारी इस्पितळात मनोविकार विभागाच्या खिडकीवर तिला काम मिळालं. कुठले डॉक्टर कधी येतात, गोळ्या कुठे फुकट मिळतात, हे दिवसभर लोकांना सांगायचं. घरी आली की गप्प.

तिच्या नोकरीचं पहिलं वर्ष सरल्यावर एका दुपारी एक बाई दुकानात आली. मास्तरांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. पिशवीत पडदा होता, आखूड करायचा होता म्हणाली. पडदा टेबलावर ठेवला तरी ती हलेना. धाकटीला त्या दिवशी सुट्टी होती, ती इस्त्री करत होती. बायको आत हातशिलाई करत होती.

"तुमचा मुलगा," बाई दबक्या आवाजात म्हणाली, "तो वर असायचा ना... मागच्या खोलीत?"

मास्तरांनी मान हलवली.

"माझा पण आहे. मागच्या गल्लीत राहतो आम्ही. कुणाला ठाऊक नाही." ती दाराकडे बघून घेत होती. "तुम्ही त्याला बाहेर काढलंत तेव्हा कसं केलंत? आणि... काढू का मी? का नको?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळायला घेतला. हो म्हणावं तर समोर त्या पाठी येत होत्या. नाही म्हणावं तर बटणं वेचणारा थोरला. खरंच सांगता येईना.

आतून बायकोचा आवाज आला. "जेवतो का?"

बाई दचकली. "भरवलं तर."

"झोपतो?"

"तो झोपतो," बाई म्हणाली. "माझ्या डोळ्याला डोळा नाही. किती दिवस झाले."

बायको बाहेर आली. हातातली सुई तिने पदरात नेहमीच्या ठिकाणी खोचली. बाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या. "चला. तुम्ही झोपा, मी बसते त्याच्यापाशी. बाहेर काढायचं पुढचं पुढे बघू."

उंबऱ्याशी ती थांबली. मागे न वळताच म्हणाली, "तू पण चल. डॉक्टरचं काय असतं ते मला नाही सांगता येणार."

धाकटीला आधी कळलंच नाही की हे आपल्याला आहे. मग तिने इस्त्री बंद केली आणि केस सारखे करत त्यांच्या मागे धावली.

मास्तर दुकानात एकटेच उभे राहिले. तिघी रस्त्याच्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर त्यांनी पडदा टेबलावर पसरला, खडू हातात घेतला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की किती आखूड करायचा ते बाईला विचारायचंच राहिलं.